ज्ञानदेवांचा मोक्षपट

वैनगंगेकाठच्या बालाघाटात आषाढाची झड लागली, म्हणजे मुले घरात अडकतात आणि सापशिडीचा पट उघडला जातो. ह्या पटाचा एक जुना मराठी अवतार आहे. त्याचे नाव मोक्षपट.

त्याचे जनकत्व परंपरा श्रीज्ञानदेवांकडे (१२७५–१२९६) देते. हाती असलेले पट मात्र बरेच नंतरचे आहेत. डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहातील अशा दोन पटांचा पुण्याचे वा. ल. मंजुळ यांनी अभ्यास केला. त्यांत घरे ५०. पहिले जन्माचे, शेवटचे मोक्षाचे. खेळावयाचे ६ कवड्यांनी. सत्संग, दया, सद्बुद्धी ह्या शिड्या. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे साप.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला. तेथे आरंभी सद्गुणदुर्गुणांची चित्रे राहिली. पुढे तीही गळाली आणि आकडे तेवढे उरले.

कोणी विचारील, दान तर दैवाधीन. मग येथे नीती कसली? परंतु हाच त्यातला बोध आहे. वर चढलेला केवळ स्वतःच्या गुणाने चढत नाही. म्हणून घसरलेल्याला त्याने हसू नये. मोक्षाच्या उंबरठ्यावरही मदाचा साप गाठतो.

तेव्हा येत्या पावसाळ्यात पालकांनी पुठ्ठ्यावर घरे आखावी आणि सापांना नावे मुलांनाच देऊ द्यावी. आपल्या घरातला मोठा साप कोणता, हे ती बिनचूक सांगतील.