पासबुकातली एक ओळ

गोंदिया जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून आलेल्या अंगणवाडी सेविका व मदतनीस ताईंनो,

स्वागत समितीच्या वतीने आमगावात तुमचे मनःपूर्वक स्वागत. एरवी या वेळी तुमच्यापैकी कुणी खिचडी ढवळत असते, कुणी बाळाचे वजन घेत असते, कुणी मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरत असते. आजचा दिवस मात्र तुमचा आहे.

जवळच्या पदमपूरशी आपण अभिमानाने भवभूतीचे नाव जोडतो. करुण रसाचा तो थोर कवी. पण तुमच्याविषयी बोलताना करुण रस पुष्कळ झाला. आज आपल्याला हिशोब मांडायचा आहे.

मी बँकेतून निवृत्त झालो. ताई पासबुक घेऊन खिडकीशी यायच्या आणि विचारायच्या, "भाऊ, हे पैसे कोणत्या महिन्याचे?" पासबुकात तारीख आणि आकडा, अशी एकच ओळ. मला उत्तर देता येत नसे. ती हळहळ मनात होती, म्हणूनच स्वागत समितीची ही जबाबदारी मी घेतली.

२०२४ च्या वाढीनंतर सेविकेचे मानधन १३,००० आणि मदतनीस ताईचे ७,५०० रुपये झाले. सेविकेच्या रकमेत केंद्राच्या निकषाचे ४,५०० रुपये आहेत. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, म्हणजे २,७००. उरलेले १०,३०० राज्याचे. प्रोत्साहन भत्ता वेगळा, तोही निकषांवर. म्हणून महिना, मानधन, भत्ता, मागचा फरक आणि कपात वेगवेगळी दाखवणारी स्लिप दरमहा हाती पडली पाहिजे.

"आम्हाला पगार नाही, मानधन आहे; मग स्लिप कसली?" असे काही ताई म्हणतात. त्यांनी २५ एप्रिल २०२२ ही तारीख लिहून ठेवावी. गुजरातमधल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सांगितले, की सेविका-मदतनिसांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू आहे आणि त्या कायद्यापुरते मानधन हे वेतनच आहे. तुमचे काम अर्धवेळ आहे, हा युक्तिवादही न्यायालयाने मानला नाही.

ग्रॅच्युइटीचा हिशोब सोपा आहे. १३,००० ला २६ ने भागा, ५०० येतात. त्याची १५ पट ७,५००. सेवेच्या प्रत्येक वर्षाला एवढे. तीस वर्षांचे सव्वादोन लाख. डिसेंबर २०२३ पासून बावन्न दिवस तुम्ही संपावर होतात, त्या मागण्यांत ग्रॅच्युइटीही होती. पण सेवेची वर्षे कागदावर दाखवावी लागतात. नियुक्तीचा आदेश, हजेरी, मानधनाची नोंद, रजेचा अर्ज, सगळे एका फाइलीत जपा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात शिक्षण मुलांच्या अंगणापर्यंत नेले. कायद्याचे ज्ञानही तसेच तुमच्यापर्यंत आले पाहिजे. त्यासाठीच ही परिषद आहे.

जेवणाची सोय मंडपामागे आहे. काही उणे राहिले तर पदरात घ्या. दाराशी एक टेबल मांडले आहे. जेवण झाले की पासबुक घेऊन या, मी तिथेच बसलेला असेन. एकेक नोंद आपण मिळून वाचू आणि जिचा अर्थ लागणार नाही, तिचा खुलासा मागणारा अर्ज तिथेच लिहू.