फोटो टाकण्याआधी त्याचं वजन बघा

(भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे.)

आजचा विषय छोटा आहे, पण तो मला एका चुकीतून कळला. चूक माझीच.

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या दिवसांत मी एक लेख टाकला होता. फॉर्म कसा भरायचा, कुठली कागदपत्रं लागतात, कुठलं बटण कधी दाबायचं. सोबत मोबाइलवर काढलेले नऊ फोटो, जसेच्या तसे. माझ्या घरच्या वायफायवर पान झटकन उघडायचं, त्यामुळे मी निर्धास्त. मुदत संपल्यावर एका मुलीचा मेसेज आला, "ताई, तुमचं पान अर्धंच उघडलं. घरात एकच मोबाइल, आणि त्यातलं नेट संपलं होतं. पहिल्या फेरीचा फॉर्म राहिला." तिला पुढच्या फेरीत प्रवेश मिळाला, पण हवं होतं ते कॉलेज नाही मिळालं.

मग मी हिशोब करायला बसले. तुम्हीही माझ्याबरोबर करा.

एकेक फोटो साधारण साडेतीन एमबीचा. नऊ फोटो म्हणजे साडेएकतीस एमबी. आपल्याकडच्या बऱ्याच प्रीपेड प्लॅनमध्ये रोजचा डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. हे किलोबिट झाले. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला फक्त ८ केबी. त्या वेगाने माझं पान पूर्ण उतरायला एक तासाहून जास्त वेळ लागणार! आणि मी वर लिहिलं होतं, "सोप्या भाषेत, झटपट माहिती."

आता गंमत बघा. मराठीत एक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, इंग्रजीच्या तिप्पट. तरीसुद्धा हजार शब्दांचा अख्खा लेख जेमतेम १८-२० केबी भरतो. म्हणजे माझे शब्द तिच्यापर्यंत तीन सेकंदांत पोचले असते. पण मी पायऱ्या शब्दांत लिहिल्याच नव्हत्या. "खालील फोटो पाहा" एवढंच लिहून मोकळी झाले होते.

तर, फोटो किती मोठा असावा?

बारा मेगापिक्सेलचा मोबाइल साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो काढतो. वाचणाऱ्याच्या फोनचा पडदा रुंदीला बहुतेक वेळा ७२० किंवा १०८० पिक्सेल. म्हणजे आपण पाठवलेल्यातलं बरंचसं त्याला दिसतच नाही, पण पैसे मात्र तो सगळ्याचे मोजतो. फोटो ८०० बाय ६०० केला की पिक्सेल थेट पंचविसाव्या हिश्श्यावर येतात. शिवाय जेपेग सेव्ह करताना क्वालिटी ७०-७५ ठेवली, तर साधा फोटो बहुधा शंभर केबीच्या आत बसतो. डोळ्यांना फरक जवळजवळ कळत नाही.

इथे एक फसगत होते, माझीही झाली होती. पानावर फोटो कोपरा धरून लहान केला, म्हणजे फाइल लहान झाली असं नाही. तो फक्त लहान दिसतो. उतरतो पूर्णच. आकार कमी करायचा तो टाकण्याआधी. त्यासाठी गिंप आहे, ब्राउझरमध्येच चालणारं स्क्वूश आहे, दोन्ही फुकट. मूळ फोटो मात्र आपल्याकडे जपून ठेवा, कारण कमी केलेला पुन्हा वाढवता येत नाही.

स्क्रीनशॉटचं गणित वेगळं. त्यात अक्षरं आणि सपाट रंग असतात. जेपेगमध्ये अक्षरांच्या कडेला धूसर डाग येतात, म्हणून तिथे पीएनजी बरं, तेही लागेल तेवढाच भाग कापून. वेबपी नावाचा प्रकार गुगलने २०१० मध्ये आणला. आता सगळे प्रमुख ब्राउझर तो दाखवतात, आणि फाइल बहुतेक वेळा जेपेगपेक्षा लहान होते.

पण याही आधी एक प्रश्न विचारायचा. हा फोटो हवाच आहे का? सूचनेचा, वेळापत्रकाचा फोटो टाकण्यापेक्षा ते टाइप करा. टाइप केलेलं शोधता येतं, मोठं करून वाचता येतं, दृष्टिहीन वाचकाला ऐकता येतं. आणि फोटो ठेवलाच, तर त्यात काय आहे हे एका ओळीत लिहा. नाही उघडला, तरी अडत नाही.

बार्सिलोनाहून चालणाऱ्या लो-टेक मॅगझिनने २०१८ मध्ये सौरऊर्जेवर चालणारी साइट सुरू केली. तिथले फोटो मोजक्या छटांत, जुन्या वर्तमानपत्रातल्यासारखे ठिपक्यांचे असतात. ढगाळ दिवस लांबले तर साइट बंदही पडते. आपण इतकं टोक गाठायला नको, पण फोटोला वजन असतं आणि ते कुणीतरी उचलतं, एवढं तिथून घ्यावं.

मी तो लेख पुन्हा लिहिला. सगळ्या पायऱ्या शब्दांत, आणि तीनच चित्रं, प्रत्येकी साठ केबीच्या आत. एका तासाचं काम पंचवीस-तीस सेकंदांवर आलं. त्या मुलीला त्याचा उपयोग नव्हता, पुढच्या वर्षीच्या मुलांना झाला.

तेव्हा यापुढे काही टाकलं, की एक करा. आपला रोजचा डेटा संपलेला असेल त्या संध्याकाळी, वायफाय बंद करून, आपलंच पान आपल्या फोनवर उघडा. कंटाळा येईपर्यंत थांबा. काय कमी करायचं ते आपोआप कळेल.

आणि हो, हा भाग ऐकायला तुमचे अडीच-तीन एमबी गेले असतील. म्हणून लिखित रूपही देतो आपण. ते पंधरा-वीस केबीत मावतं. भेटू पुढच्या भागात.