आधी वॉर्ड, मग अर्ज

बारावीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्यात घरोघरी एकच हिशेब मांडला जातो. नीटला गुण कमी पडले, एमबीबीएस गेले. आता बीएएमएस, नर्सिंग, डीएमएलटी की ते नवे फिजिशियन असिस्टंट? पोरगं कधी आजाऱ्याच्या उशाशी बसलंय का, हा रकाना त्या हिशेबात नसतो. मी आज त्या रकान्याबद्दलच बोलणार आहे.

डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्णाची माहिती घेणे, तपासणे, उपचारांचा पाठपुरावा करणे, हे फिजिशियन असिस्टंटचे काम. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी १९६५ साली पहिला वर्ग भरवला, तेव्हा त्यात चौघेच होते आणि चौघेही नौदलात वैद्यकीय सेवक म्हणून काम केलेले. जखम बांधायची कशी, हे त्यांना ठाऊकच होते. हवे होते त्यामागचे शास्त्र. तिथली बरीच महाविद्यालये आजही प्रवेशाआधी रुग्णसेवेचे शेकडो तास मागतात. आपल्याकडे हा अभ्यासक्रम १९९२मध्ये मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केला, आरोग्यसेवेतल्या पेशांसाठी झालेल्या २०२१च्या कायद्यात या पेशाची नोंदही झाली. पण प्रवेश बहुतेक ठिकाणी बारावीच्या गुणांवर. रुग्ण भेटतो तो फी भरल्यानंतर.

आणि हे त्या महाराष्ट्रात, जिथे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०च्या दशकापासून गावातल्या, कित्येकदा अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले! गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाचे वजन करायला, श्वास मोजायला शिकवले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. श्वास मोजणे म्हणजे पूर्ण मिनिटभर बाळाच्या पोटाकडे बघत राहणे. ऐकायला सोपे वाटते. रडणारे बाळ आणि घाबरलेली आजी समोर असताना करून बघा.

खानदेशात शिकायला जागा कमी नाहीत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की सरकारी रुग्णालयांत उष्माघाताची खोली उघडते. केळीच्या बागेतून आणलेल्या मजुराचे कपडे सैल करणे, अंगावर ओले कापड फिरवणे, ताप दर थोड्या वेळाने लिहून ठेवणे ही कामे सिस्टरच्या नजरेखाली तुम्हाला जमतील. सातपुड्यात यावल, चोपडा, शिरपूरच्या पाड्यांवर सिकलसेलची तपासणी चालते. त्या शिबिरात सुई तुम्ही धरायची नाही. नाव लिहायचे, घरात आणखी कुणाचे सांधे दुखतात, कुणाला वरचेवर कावीळ होते ते विचारायचे. पावरी बोलणारी बाई शहरी मराठीला नुसती मान हलवते, होकार समजून पुढे गेलात तर चुकीची नोंद होते. म्हणून आशाताईला शेजारी बसवा.

आता एक कडू बोलतो. गावोगावच्या दवाखान्यांत ‘हात बसावा’ म्हणून पोरांच्या हाती सिरिंज दिली जाते. त्याला मी अनुभव म्हणत नाही. ज्याच्या दंडावर तुम्ही शिकता, त्याने परवानगी दिलेली नसते, आणि गळू झाले तर भोगायचे त्यालाच. शिवाय चुकीची पद्धत एकदा हातात मुरली की कॉलेजात ती सोडवायला दुप्पट वेळ जातो. रक्तदाब मोजा, स्ट्रेचर ढकला, बेडपॅन द्या, केसपेपर वाचायला शिका. बेडपॅनला नाक मुरडणाऱ्याने पुढचा विचारच करू नये, असे माझे मत आहे.

सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना साधा अर्ज लिहा, आधी प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घ्या, धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीची लस टोचून घ्या. दोन-तीन महिने टिकून काम करा, आणि त्यात काही रात्री असू द्या, कारण दिवसाचा वॉर्ड आणि रात्रीचा वॉर्ड वेगळा असतो. एवढे करून आलेला मुलगा म्हणाला, ‘बाबा, हे माझ्याच्याने होणार नाही,’ तर आईबापांनी चिडू नये. अभ्यासक्रमाची फी आणि इंटर्नशिपचे वर्ष, दोन्ही वाचले.