पत्र्याच्या पेटीतल्या कॅसेटी



माझ्या घरी पत्र्याच्या पेटीत सत्तावीस कॅसेटी आहेत. तीस वर्षांपूर्वी मी खानापूर भागातल्या म्हाताऱ्या बायकांशी बोललो, त्याचं ध्वनिमुद्रण. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने त्या अभ्यासासाठी मागितल्या आणि मला देता आल्या नाहीत. बऱ्याच कॅसेटी अजून वाजतात, पण वेष्टनांवर मी नुसतं ‘आजी १’, ‘आजी २’ असं लिहून ठेवलंय. गाव कोणतं, वय किती, काही नाही. शिवाय हे दुसऱ्या कुणाला ऐकवू का, असं मी त्यांना विचारलंच नव्हतं. आता विचारायला त्यातली एकही हयात नाही.

ही चूक एकट्या माझी नव्हे, हे कळल्यावर थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! ब्रिटनमध्ये १९९१ साली एक छोटी पाहणी झाली. सार्वजनिक पैशातून झालेल्या सामाजिक संशोधनातल्या मुलाखती-टिपणांपैकी ९० टक्के सामग्री एक तर हरवलेली, नाहीतर संशोधकांच्या घरी-कचेरीत हरवण्याच्या बेतात होती. आकडेवारीच्या सर्वेक्षणांसाठी एसेक्स विद्यापीठात १९६७पासून विदागार होतं. मुलाखतींना मात्र वाली नव्हता. म्हणून १९९४मध्ये तिथंच ‘क्वालिडेटा’ सुरू झालं, पॉल थॉम्पसन यांच्या पुढाकाराने. १९१८पूर्वीचं घर आणि काम आठवणाऱ्या सुमारे साडेचारशे वृद्धांच्या मुलाखती त्यांनी सत्तरच्या दशकात जमवल्या होत्या. त्या पुढे इतरांनी आपापले वेगळे प्रश्न घेऊन वाचल्या.

आज हे काम ‘यूके डेटा सर्व्हिस’ पाहते. तिथल्या साठ्यापेक्षा मला तिथलं शिकवणं मोलाचं वाटतं. मुलाखतीआधी संमती कशी घ्यावी, मजकुरातली नावं कशी बदलावी, सोबत कोणत्या नोंदी ठेवाव्या, हे ते कुणालाही विनामूल्य सांगतात. सामग्रीच्याही तीन पायऱ्या आहेत. काही सर्वांना खुली. काही नाव नोंदवून, अटी मान्य केल्यावर. अगदी नाजूक असेल ती फक्त प्रशिक्षित संशोधकाला, सुरक्षित व्यवस्थेतच पाहायची, बाहेर न्यायची नाही. आपल्याकडे दोनच पायऱ्या: कपाटाला कुलूप, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप.

बोलीच्या अभ्यासाला ही मधली पायरी फार गरजेची आहे. कागदावरचं नाव बदलता येतं. पण आवाजावरून गाव आजीला ओळखतंच, आणि आवाज बदलला तर आपल्या हाती उरतं काय?

डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या बोली-सर्वेक्षणातले आवाज आज घरबसल्या ऐकता येतात. त्याचा भर महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांवर आहे. सीमेअलीकडचं आपलं आपल्यालाच करावं लागेल. अकादमीने निदान संमतीचा आणि नोंदींचा एक-एक पानी नमुना तयार करून पुढच्या शिबिरात वाटावा, एवढंच मागतो.

ती विद्यार्थिनी आणि मी आता आज्यांची घरं शोधतो आहोत. एका नातवाने सांगितलं, आधी मी ऐकेन, मग ठरवेन. त्याच्याकडे कॅसेट वाजवायचं यंत्र नाही. माझं घेऊन रविवारी जायचं आहे.