काचपेटीच्या गाळणीतील अनोळखी वाढ



शाळेतील माशांची काचपेटी हे निसर्गाभ्यासाचे सुलभ साधन होय. मात्र तिच्या गाळणीत पिवळसर थर किंवा तपकिरी बुळबुळ दिसताच गाळणी नळाखाली धरून लख्ख करण्याकडे सर्वांचा कल असतो. पुढे काही दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात आणि दोष त्या वाढीवर ठेवला जातो. पुष्कळदा खरा दोष अतिस्वच्छतेचा असतो.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. उरलेले खाद्य कुजूनही तो निर्माण होतो. तो माशांना विषारी आहे. गाळणीच्या फोमवर वसलेले जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर बरेच निरुपद्रवी असे नायट्रेट बनवितात. मुंबईस मिळणारे बरेचसे पाणी भांडुप येथे गाळून व क्लोरीन मिसळून येते; गावच्या विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकतात. हे क्लोरीन रोगजंतूंबरोबर या उपकारक जिवाणूंचाही नाश करते.

म्हणून प्रथम ओळख, मग उपाय. थोडी वाढ पांढऱ्या बशीत, पेटीच्याच पाण्यात ठेवून भिंगातून पाहावी. तपकिरी, गंधहीन बुळबुळ बहुधा जिवाणूंची व गाळाची असते. तिचे भय नाही. उजेडाच्या बाजूची हिरवी वाढ शेवाळाची. उरल्या खाद्यावरील पांढरा कापूस बुरशीचा. खाद्य कमी करावे. काळा थर व सडक्या अंड्यांचा वास म्हणजे आत प्राणवायू पोहोचत नाही. तेथे मात्र सफाई त्वरित करावी. स्पर्श होताच आखडणारे, टोकाशी तंतू असलेले बारीक धागे हायड्राचे. ते नवजात पिलांना अपायकारक ठरतात.

फिकट पिवळा, सच्छिद्र, बोटांस खरखरीत लागणारा थर दिसला, तर तो गोड्या पाण्यातील सजीव स्पंज असू शकेल. अंधेरी असो वा मुलुंड, तळ्यातून आणलेल्या पाणवनस्पतींना चिकटून असे जीव पेटीत येतात. मुंबईतील शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर यांनी १८४९ साली मुंबई बेटावरील अशा स्पंजांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढे एका जातीस त्यांचेच नाव मिळाले. हा प्राणी छिद्रांवाटे पाणी ओढून त्यातील सूक्ष्म कण खातो. तो स्वतःच एक जिवंत गाळणी आहे. त्याचे मोहरीहून लहान, दाण्यांसारखे अंकुर तळे आटले तरी टिकतात व पाणी मिळताच पुन्हा वाढतात. त्याचे काचेसारखे सूक्ष्म काटे त्वचेस व डोळ्यांस खुपतात. म्हणून हाताळल्यावर हात धुवावेत.

स्पंज थोडा असल्यास राहू द्यावा. प्रवाह अडत असल्यास काढावा. कारण मोठा स्पंज मेल्यावर कुजून पाणी नासवितो. काढलेली वाढ ओढ्यात वा तळ्यात न टाकता मातीत पुरावी.

गाळणी धुताना विजेची जोडणी बंद करावी. पेटीतील पाणी बादलीत घेऊन त्यात फोम हलकेच पिळावा. दोन फोम असल्यास एका वेळी एकच धुवावा. नवे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मगच थोडे थोडे घालावे.

“गुरुजी, हे काय उगवले?” असे मुलाने विचारल्यास त्याच्या हाती भिंग द्यावे व दिसेल तसे चित्र काढावयास सांगावे. घाण म्हणून फेकलेल्या वस्तूबरोबर तो प्रश्नही फेकला जातो; आणि प्रश्न जपणे हेच शिक्षकाचे कार्य आहे.