न मिळालेल्या पुस्तकांची वही

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाला वाचनाची आवड असणार, असं लोक धरूनच चालतात. लिहिण्याचं मात्र तसं नसतं. मी अवसरी खुर्दची सून. २०१० साली ग्रंथालय प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं आणि आमच्याच भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयात उमेदवारी करू लागले. वर्गीकरण, तालिकीकरण, दाखल नोंदवही, सगळं शिकायची तयारी होती. पण शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात अट घातली. रोजच्या कामाबद्दल दहा ओळी लिहायच्या आणि महिनाअखेर ती वही वर्गातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्यायची.

दुसरी अट मला फार जड गेली. भाकऱ्या, धारा, मुलांचा अभ्यास उरकून रात्री वही उघडली, की सासूबाई विचारायच्या, "आता कसला हिशेब?" हिशेब असता तर बरं झालं असतं! पुस्तकं दिली, पुस्तकं घेतली, कपाट पुसलं. यात परक्या माणसानं वाचावं असं काय? शिवाय नोकरीला प्रमाणपत्र लागतं, वही कुणी मागत नाही. बाईंना मी तसं म्हटलंसुद्धा. त्या हसल्या आणि बडोद्याची हकिगत सांगू लागल्या.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. पुढच्याच वर्षी तिथे ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग सुरू झाला. आपल्या देशातला तो पहिला मानतात. १९१२ मध्ये 'लायब्ररी मिसेलनी' हे त्रैमासिक निघालं. त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूरही असे. म्हणजे ग्रंथालयाच्या कामाबद्दल मराठीत लिहिण्याची चाल चांगली जुनी आहे. हे ऐकून माझा उत्साह दुणावला असं काही नाही. अट होती म्हणून लिहीत राहिले.

एका रात्री लिहायला काहीच सुचेना, तेव्हा त्या दिवशी ज्यांना पुस्तक मिळालं नाही त्यांच्याबद्दल लिहिलं. बटाट्यावरच्या करप्याची माहिती हवी असलेले एक शेतकरी आले होते. आमच्या गावात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय २००९ मध्ये सुरू झालं, तिथला एक मुलगा नारायण धारपांच्या कादंबऱ्या विचारून गेला होता. एका आजींना मोठ्या अक्षरातला हरिपाठ हवा होता. तिघेही रिकाम्या हातानं परतले, आणि रजिस्टरात त्यांचा मागमूस नव्हता. गेलेल्या पुस्तकाची देवघेव नोंदवहीत नोंद होते. न मिळालेल्या पुस्तकाला रकानाच नाही. आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे आहेत, दर्जाप्रमाणे अनुदान मिळतं. त्यासाठी पुस्तकं मोजतात, सभासद मोजतात. माघारी गेलेला माणूस कोण मोजणार?

महिनाअखेर माझी वही जुन्नरकडच्या एका मैत्रिणीकडे गेली. तिची माझ्याकडे आली. तिनं लिहिलं होतं, की वाचनालय संध्याकाळी उघडतं आणि शाळेच्या मुलींची एसटी त्याआधीच सुटते. एवढंच. दोन ओळी. पण त्या वाचल्यावर आमच्याकडे मुली का दिसत नाहीत, हे मी पहिल्यांदा पाहू लागले. आणि माझी वही वाचून तीही न मिळालेल्या पुस्तकांची नावं टिपू लागली.

तीन महिन्यांची यादी मी आमच्या समितीपुढे ठेवली. एक जाणते सभासद म्हणाले, "आपल्याकडे काय नाही, ते आपणच लिहून ठेवायचं? उद्या तपासणीला कुणी पाहिलं तर?" त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. अनुदानावर चालणाऱ्या संस्थेला चार गोष्टी झाकून ठेवायची सवय लागते. खरेदी आजवर व्हायची ती विक्रेत्यानं आणलेल्या यादीवरून, जिथे सवलत जास्त तिथून. वादावादी झाली, चहा झाला, पुन्हा वादावादी झाली. शेवटी त्या वर्षीच्या खरेदीतला थोडा भाग माझ्या यादीतून करायचं ठरलं. करप्याचं पुस्तक आलं, हरिपाठ आला. धारप मात्र पुढच्या वर्षावर गेले.

यादीतली एक मागणी खरेदीनं भागणारी नव्हती. एक वृद्ध गृहस्थ दर आठवड्याला यायचे आणि विचारायचे, "आमच्या आंबेगावचं काही लिहिलेलं आहे का?" श्रोत्यांपैकी अनेकांना ठाऊक असेल, घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि मूळ आंबेगाव पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव त्या गावाचं, कचेऱ्या घोडेगावला. ते त्याच गावचे. वहीत ही मागणी तीनदा आली होती. तिसऱ्यांदा लिहिताना माझी मलाच लाज वाटली. पुढे अभ्यासक्रमाच्या निमित्तानं पुण्याला गेले, तेव्हा पुणे जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटियर काढून घेतलं आणि त्यांच्या भागाची माहिती असलेल्या पानांची झेरॉक्स आणली.

मजकूर इंग्रजीत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले, ते मान हलवत ऐकत राहिले. मग पानांची घडी करून खिशात ठेवली, देवघेव नोंदवही स्वतःकडे ओढली, सही केली आणि विचारलं, "परत कधी आणून देऊ?"