लाज चोराला वाटावी, सभासदाला नव्हे

(शाखेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सचिवांनी केलेले भाषण)



वेतन, रिक्त जागा, क्वार्टरची दुरुस्ती हे आपले नेहमीचे विषय आहेतच. त्याआधी दहा मिनिटे आम्ही दुसऱ्या विषयासाठी मागून घेतो. या विषयावर माणूस चारचौघांत बोलायला लाजतो, म्हणूनच तो भर सभेत मांडणे आम्हाला भाग आहे.

आपले एक जुने सभासद आहेत. नाव सांगणार नाही, तसे वचन दिले आहे. चौतीस वर्षे ट्रॅकवर नोकरी केली. पत्नी वारलेली, मुले गावाकडे, आणि हे इथे परमुलखात खोली घेऊन एकटे. सेटलमेंटचे पैसे हाती आले आणि पुढच्याच महिन्यात लंडनच्या एका डॉक्टर बाईंनी फेसबुकवर ओळख काढली. दोन महिने नुसत्या गप्पा चालल्या. दिवसातून दोनदा 'जेवलात का' असे विचारणारे दुसरे कोणी त्यांना उरले नव्हते, हे ध्यानात घ्या. मग बाईंनी भेट पाठवल्याचे कळवले. घड्याळ, मोबाईल आणि पौंडाच्या नोटा. चार दिवसांनी 'दिल्ली विमानतळ, कस्टम'मधून फोन आला. ड्युटीचे पस्तीस हजार भरा. मग पार्सलमध्ये परकीय चलन सापडले म्हणून दंड भरा. शेवटी अटकेची धमकी. सारे मिळून चार लाख गेले.

आम्हाला हे सात महिन्यांनी कळले. आम्ही विचारले, 'दादा, त्याच दिवशी ऑफिसला का आला नाहीत?' ते म्हणाले, 'मागे एकाचे लॉटरीच्या फोनवर आठ हजार गेले, तेव्हा तुम्ही सगळे हसला होता. मी तिथेच बसलो होतो.'

बंधूंनो, हे खरे आहे. आपण हसलो होतो. आम्हीही हसलो होतो. चार लाखांतला काही वाटा त्या हसण्याचा आहे, हे आम्ही आज कबूल करतो.

आता या धंद्याची रीत पाहू. टपालातील भावांना हे पटकन कळेल. परदेशी पार्सलवर ड्युटी लागली तर टपाल खाते ती पार्सल हाती देताना पावती देऊन घेते. कस्टम अधिकारी कुणाच्या खासगी बचत खात्यात पैसे मागत नाही. ज्याने पैसे तसे मागितले, तो चोर. एवढी एक गोष्ट आपल्या पोस्टमन बांधवांनी बीटवर घरोघर सांगितली, तरी कितीतरी घरे वाचतील.

दुसरी रीत लिंकची. 'आपले पार्सल गोदामात आले आहे, पत्ता अपुरा आहे, ४८ तासांत दुरुस्त करा' असा मेसेज टपाल खात्याच्या नावाने येतो. खाली लिंक असते. टपाल खाते असे मेसेज पाठवत नाही, हे सरकारने २०२४ मध्ये जाहीर केले आहे. लिंक उघडली की हुबेहूब खात्यासारखे पान दिसते, किरकोळ रक्कम भरायला सांगतात आणि कार्डाचा नंबर व ओटीपी काढून घेतात. तिकिटाचा रिफंड, पेन्शनरांचा हयातीचा दाखला, विजेचे बिल, नाव कोणतेही असो, डाव तोच. पक्के ध्यानात ठेवा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. मेसेजमधून आलेले ॲप मोबाईलवर घालू नका.

तरीही फसलात तर काय करायचे? की-मनला रूळ तुटलेला दिसला, तर तो कुणामुळे तुटला याची चौकशी करीत बसत नाही. आधी लाल झेंडा, बाराशे मीटरवर तीन डिटोनेटर, मग बाकीचे. तसेच इथे. आधी १९३० हा नंबर फिरवा. पैसे कोणत्या खात्यातून, किती वाजता, कोणत्या व्यवहार क्रमांकाने गेले ते सांगा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात लगोलग हलवतो. मधल्या वेळात कळले, तर बँका ती रक्कम अडवू शकतात. म्हणून पहिला तास मोलाचा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही देता येते. बँकेलाही त्याच दिवशी कळवा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेला नियम असा की, ओटीपी आपण स्वतः दिला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान आपले, पण कळविल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे उशीर केला तर तोटा आपलाच.

आणखी एक गोष्ट कामगार म्हणून सांगितलीच पाहिजे. हे गोड मेसेज लिहिणारा पुष्कळदा स्वतःच कोंडलेला असतो. नोकरीच्या आमिषाने तरुणांना म्यानमार, कंबोडिया, लाओसकडे नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि मारझोड करून हे काम करायला लावतात. मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी थायलंडमार्गे परत आणावे लागले. आपल्या बेकार मुलाला परदेशी डेटा एन्ट्रीची नोकरी सांगून आली, तर एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, ते आधी पाहा. एकाच टोळीने बापाची ग्रॅच्युइटी न्यावी आणि मुलाला वेठीला धरावे, असे होऊ देऊ नका.

शेवटी दोन ठराव सभेपुढे ठेवतो. एक, प्रत्येक सभासदाच्या सेंड-ऑफच्या दिवशी हारतुऱ्यांआधी अर्धा तास घरच्या मंडळींसह त्याला ही माहिती द्यावी. दोन, फसलेला सभासद रात्री बारा वाजता जरी आला, तरी पदाधिकाऱ्याने त्याच्याशेजारी बसून १९३० ला फोन लावून द्यावा. त्या वेळी कोणी हसणार नाही, आणि नाव बाहेर जाणार नाही.

ज्या दादांची गोष्ट सांगितली, ते आज मागच्या रांगेत बसले आहेत. हे भाषण करा, असे त्यांनीच आम्हाला सांगितले. कुणीही मान वळवून पाहू नये, ही विनंती. ठराव मंजूर असतील तर हात वर करा.

कामगार एकजुटीचा विजय असो!